दहावा माणूस मागच्या खोलीत

आमचा धाकटा कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात आणि हा दिवसभर मेणात दात रोवत बसतो. म्हाताऱ्यांच्या तोंडात हसू बसवतो, पण स्वतः हसेल तर शपथ. बायको गेल्यापासून तर घरात चकार शब्द नाही. मी त्याची थोरली बहीण. आमच्या प्रार्थनाघराची झाडलोट आणि किल्ल्या माझ्याकडे.

आम्हा यहुद्यांची सामूहिक प्रार्थना दहा पुरुष जमल्याशिवाय सुरू होत नाही. बायका त्यात धरत नाहीत. मी पहाटे दार उघडते, दिवे लावते, बाकं पुसते, आणि दहांत नसते. असो. आमच्याकडे रडतखडत दहाच येतात. माणसांना आकडा लावू नये म्हणून मोजायचंही उलटं, 'एक नाही, दोन नाही' करत.

त्यात धाकट्याला ध्यानाचं खूळ लागलं. कुणी रब्बी, म्हणजे आमचे धर्मगुरू, त्याला फोनवरून शिकवायचे. जुने भक्त म्हणे प्रार्थनेआधी तासभर गप्प बसत. डोळे मिटायचे, देवाच्या नावाची चार अक्षरं समोर आणायची, ती पेटलेली पाहायची, आणि पाहता पाहता 'मी' विरघळवून टाकायचा. हा मागच्या खोलीत मोडक्या खुर्च्यांमध्ये, आतून कडी लावून विरघळायचा. बाहेर नऊ जण घड्याळाकडे बघत बसायचे.

"अरे, घरी विरघळ ना," मी म्हणायचे.

"घरी तू असतेस, ताई."

बाकीच्यांचं एक वेळ ठीक होतं, पण त्या नवांतल्या ड्रायव्हरचा जीव टांगणीला लागायचा. हा बस चालवतो. आई गेल्यापासून रोज सकाळी तो तिच्यासाठी कद्दिश म्हणायचा आणि तसाच डेपोकडे पळायचा. ही प्रार्थना मुलगा आईबापांमागे अकरा महिने म्हणतो. तिच्यात मरणाचं नावही नाही, नुसती देवाची स्तुती. पण 'आमेन' म्हणायला दहा जण हवेतच. त्याची आई माझी मैत्रीण. शेवटची दोन वर्षं मायलेकांत अबोला होता, आणि तो मोडायच्या आत ती गेली.

"मावशी, तेव्हा तोंड उघडलं नाही," तो मला म्हणाला होता, "आता रोज उघडतोय."

अकरा महिने संपले त्या दिवशीची गोष्ट. शेवटची कद्दिश. ड्रायव्हर इस्त्रीचा शर्ट घालून आला. नऊ जण आले. दहावा कडी लावून आत.

वेळ टळत चालली तशी मी दार ठोठावलं. मग बुक्क्या मारल्या. मग माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. गाढवा म्हटलं, मेल्या म्हटलं, प्रार्थनाघरात म्हणू नये ते सगळं म्हटलं. आतून हूं नाही की चूं नाही. ड्रायव्हरने घड्याळ पाहिलं, प्रार्थनेची टोपी काढून खिशात घातली आणि निघून गेला.

मग कडी निघाली. धाकट्याचा चेहरा न्हाऊन आल्यासारखा.

"ताई, आज जमलं! मी नव्हतोच तिथे."

"इथेही नव्हतास. नऊच होते."

"मला आवाज येत होते. रब्बी म्हणाले होते, मन भरकटवायला नाना आवाज येतील, त्यांना जाऊ द्यायचं. आज तर हुबेहूब तुझा आवाज आला. शिव्यांसकट. मी जाऊ दिला."

मी हात टेकले. मग आज कोणता दिवस होता ते सांगितलं. तो मोडक्या खुर्चीवर मटकन बसला.

आमचा दिवस सूर्यास्ताला संपतो आणि ड्रायव्हरची पाळी त्याच्याही नंतर. म्हणजे ती कद्दिश गेल्यातच जमा. पण जो माणूस माझ्याशी बोलत नाही, तो दुपारभर आठ जणांच्या दुकानांत, कचेऱ्यांत जाऊन हात जोडत फिरला. न्हाव्याने गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीवर सोडलं. मास्तरांनी आधी याला यथेच्छ झापलं आणि मग चपला घातल्या.

ड्रायव्हरची बस शेवटच्या थांब्याला थोडी थांबते. ऊन उतरताना आम्ही सगळे तिथे हजर. ड्रायव्हर खाली उतरला, आम्हाला पाहिलं आणि धाकट्याकडे पाठ केली. बरोबरच केलं. पण खिशातून टोपी काढली.

आडोशाला एक छोटं स्तोत्र म्हटलं आणि त्याने कद्दिश सुरू केली. बाकीचे नऊ जण 'आमेन' म्हणत होते. मीही म्हणत होते, मोजा नाहीतर मोजू नका. शेवटच्या ओळीशी येऊन तो थांबला. अकरा महिने तोंडपाठ म्हणणारा माणूस, ओठ हलेनात. ती ओळ म्हटली की आईशी बोलणं संपलं. मला रडू फुटलं. बसमधून कुणीतरी ओरडलं, "अहो, निघायचं की नाही?" मास्तर घड्याळ बघायला लागले.

धाकटा पुढे गेला आणि त्याच्यासमोर उभा राहिला. डोळे टक्क उघडे.

"सावकाश," तो म्हणाला. "आम्ही कुठे जात नाही."

बस बऱ्याच उशिरा सुटली.