रेंजची पाळी

जंगलात मोबाइल टॉवर नको, अशा अर्जावर मी गेल्या महिन्यात फोनवरच सही केली. नंतर चैन पडेना. न पाहिलेल्या जंगलासाठी सही कशी केली? म्हणून छपाईच्या दुकानातून सुट्टी घेतली आणि शनिवारी सकाळी कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतून ते जंगल बघायला गाडी काढली. चाकांतली हवा दोनदा तपासली. पोचल्यावर फोन करतो, असं आईला सांगितलं.

मलकापूरपर्यंत रस्ता चांगला. चहा-मिसळ तिथेच उरका, पेट्रोलही भरून घ्या. पुढे शाहूवाडीच्या डोंगरात डांबर तुकड्यातुकड्यानं भेटतं. शेवटच्या दहा किलोमीटरला मला पाऊण तास लागला. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीला टेकलेली पंचवीसेक घरांची वाडी. बापूंच्या घरी सोय ओळखीतून झाली होती: मुक्काम आणि दोन वेळचं जेवण, पाचशे रुपये. नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, घरचा भात. जेवताना मी अर्जाबद्दलही सांगून टाकलं.

पण फोनवर एकही काडी नव्हती. आई काळजीत असणार, म्हणून रेंज कुठे मिळेल ते विचारलं.

“रेंज हाय की,” बापू म्हणाले. “पर पाळीनं.”

टेकडीवर एक खडक आहे. त्याच्या एका खोबणीत फोन ठेवला तरच दोन काड्या येतात. जरा हलवला की गेल्या. म्हणून शेतीच्या पाण्यासारख्याच वाडीनं रेंजच्याही पाळ्या लावल्यात. घराला पंधरा मिनिटं. बापूंची पाळी साडेपाचची.

“आधी तुमी बोला, पावणं.” स्वतःचा फोन त्यांनी हातातच धरला.

मी फोन खोबणीत ठेवून स्पीकर लावला. आईनं जेवणापासून पांघरुणापर्यंत सगळं विचारलं. मीही खड्डा न् खड्डा सांगितला. बापू पाठ करून लांब उभे होते. मला वाटलं, डोंगर बघताहेत. मी खोबणीतून फोन उचलला तेव्हा शेजारचे आबा आपल्या पाळीला येऊन थांबले होते. बापू आपला फोन खिशात टाकून खाली उतरले.

त्यांच्या बायकोला सगळे अक्का म्हणतात. त्या उंबऱ्यातच उभ्या होत्या. “अवो, आला का फोन? काय झालं पोरीचं?”

“न्हाय लागला.”

तेव्हा मला कळलं. त्यांची लेक सकाळपासून कोल्हापुरात दवाखान्यात होती. पहिलं बाळंतपण, पण या रस्त्याची जोखीम नको म्हणून तिला माहेरी आणली नव्हती. जावई साडेपाचला फोन करणार होता.

“बापू, मला थांबवायचं की!”

“पावण्याला मधी तोडत्यात व्हय?”

मी जावयाचा नंबर कागदावर उतरवून घेतला आणि गाडी मागे वळवली. वाटेत वळणावर गवा उभा होता. इंजिन बंद केलं, दिवा बंद केला. त्याला कसलीच घाई नव्हती. मी हँडल धरून तसाच थांबलो. तो झाडीत गेल्यावरही मी शंभरपर्यंत मोजलं, मगच निघालो. दहाव्या किलोमीटरला रेंज आली. मुलगी झाली होती. दोघी खुशाल.

परत येऊन सांगितलं. अक्कांनी माझ्या तळहातावर साखर ठेवली आणि मगच बोलल्या, “तुज्या त्या अर्जवाल्यांस्नी सांग, हितं माणसं बी राहत्यात.”

“टॉवर आला की रस्ता येणार,” बापू म्हणाले, “रस्त्यामागनं हाटेलं. मग गव्यांनी कुठं जायाचं?”

“गव्याची लेक दवाखान्यात न्हवती!”

बापू हसले, पण मुद्दा सोडला नाही.

रविवारी घरी आलो आणि अर्ज पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचला. त्यात गवे होते, झाडं होती, पाखरं होती. वाडी नव्हती. तरी सही चुकली असं छातीठोक म्हणता येत नाही. वळणावरचा तो गवाही मी पाहिलाय.

भाताची मळणी उरकल्याशिवाय बापू-अक्कांना निघता येत नव्हतं. “तुमी तरी बघून सांगा,” बापू म्हणाले होते. सोमवारी दवाखान्यात गेलो. फोटो काढला, पण त्या खडकावर फोटो पोचत नाही. म्हणून बरोबर साडेपाचला फोन लावला आणि बाळ तोंडानं सांगू लागलो: जावळ दाट, मुठी घट्ट, डाव्या कानाजवळ तीळ.

“आन् नाक? नाक कुणाचं?” अक्कांनी विचारलं.

मी नीट बघायला वाकलो, तेवढ्यात पलीकडून आबांचा खाकरण्याचा आवाज आला.

“ऱ्हाऊ दे,” अक्का म्हणाल्या. “उद्या सांग.”