ससे साफ करायची सुरी

दोष सुरीचाच आहे, असं काकूंनी ठरवून टाकलं होतं. आणि काकूंनी एकदा ठरवलं की त्यांचं मन वळवणं लग्नाच्या नवऱ्यालाही आजवर जमलेलं नव्हतं, तिथे इतरांची काय कथा.

काकू मटणाच्या दुकानात मागच्या खोलीत ससे साफ करायच्या. पुढे काच, दिवे, वजनकाटा आणि गिऱ्हाइकं. मागे फरशीचं टेबल, गार पाण्याचा नळ, बादल्या आणि काकू. पाळलेले ससे वर्षभर यायचे, शिकारीच्या दिवसांत रानससे, लावे, पारवे. त्यात काय मोठंसं, असं ज्याला वाटत असेल त्यानं एकदा करून बघावं. सशाच्या पोटाचा पडदा कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ. सुरीचं टोक जरा खोल गेलं की आतडं फाटतं आणि सगळी घाण मांसावर. कलेजीला चिकटलेली पित्ताची हिरवी पिशवी फुटली तर विचारूच नका, कितीही धुवा, कडूपणा हटत नाही. म्हणून काकू चिमटीनं पोट उचलून बारीकसा छेद द्यायच्या, डाव्या हाताची दोन बोटं आत सरकवायच्या आणि त्या बोटांच्या मधून, धार वर ठेवून, सुरी छातीपर्यंत न्यायच्या. बघायचं असं काही नसायचंच. आतडं कुठे, पिशवी कुठे, हे त्या दोन बोटांना आपसूक कळायचं. या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि ही गोष्ट इतरांपेक्षा काकूंना जास्त ठाऊक होती.

हल्ली मात्र पिशवी फुटू लागली होती. पहिल्यांदा काकूंनी हसण्यावारी नेलं. पुढे पुढे कुणाचं लक्ष नाही असं पाहून कडू कलेजी गुपचूप बादलीत टाकली. पण एक कडू कलेजी त्यांच्याही नजरेतून सुटली, आणि जवळच्या खानावळीचा आचारी ती घेऊन भर गर्दीत काउंटरवर आला. त्यानं काय काय ऐकवलं ते मागच्या खोलीत शब्दन् शब्द ऐकू आलं.

मग धाकटा मालक मागे आला. काकूंना कामावर ठेवलं होतं त्याच्या वडिलांनी. याचं तर नाक पुसलं होतं काकूंनी. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. ओरडला नाही.

"काकू, दमायला होत असेल तर पुढे या. बसून पिशव्या भरा. पगारात फरक नाही करणार मी."

"मला काही झालेलं नाही. सुरी गेलीय कामातून."

"मग नवी घ्या की. दुकानाकडून घ्या."

"माझी मी घेईन," काकू फणकाऱ्यानं म्हणाल्या. पिशव्या भरा म्हणे! मागचं टेबल गेलं तर आपण कोण उरतो, हे त्यांना सांगता आलं नसतं. दुकानात त्यांना कुणी वयामुळे काकू म्हणत नव्हतं, त्या टेबलामुळे म्हणत होतं.

त्याच आठवड्यात घरी त्यांनी चुलीवरून उतरवलेल्या पातेल्याचं झाकण डाव्या हातानं उचललं, फडक्याशिवाय. नवरा ओरडला. काकू म्हणाल्या, एवढं काही तापलेलं नाही. जेवणं उरकल्यावर बोटांना टरारून फोड आले. काकूंच्या मनात पाल चुकचुकली. दिवसभर गार पाण्यात हात असतो, कातडी निबर होणारच, असं म्हणून त्यांनी तिला हुसकावून लावलं.

सुट्टीच्या दिवशी नवऱ्याला बरोबर घेऊन त्या हत्यारांच्या दुकानात गेल्या. नवरा पहारेकऱ्याच्या नोकरीतून निवृत्त झालेला, हातात वेळच वेळ, जिभेला हाड नाही. काकूंनी आधी दुकानदाराकडे तांब्याभर पाणी मागितलं. दुकानदाराला वाटलं तहान लागली असेल. काकूंनी त्यात उजवा हात बुडवला आणि ओल्या हातानं एकेक मूठ धरून बघू लागल्या. कोरड्या हातात सगळ्याच सुऱ्या शहाण्यासारख्या बसतात. गुळगुळीत लाकडी मूठ ओल्यावर निसटली. एकीचं पातं लांब. सशासाठी चार बोटं लांबीचं पुष्कळ झालं. एक दिसायला झकास, पण पातं मुठीत जेमतेम अर्ध्यापर्यंत गेलेलं, महिन्याभरात डुगडुगणार. एक चकाकती, गंज न धरणारी, पण तिची धार उतरली की परत आणताना हात मोडून येतात.

"मला पसंत करताना एवढा विचार केला असतास," नवरा म्हणाला, "तर मी आज इथे उभा नसतो."

"तेव्हा ओला हात लावून बघायची सोय नव्हती," काकू म्हणाल्या. दुकानदार खो खो हसला.

मग त्यानं आतून एक सुरी आणली. बोथट टोकाची, पाठीला आकडा. आकडा छेदात अडकवायचा आणि ओढायचं. आतलं काही फाटत नाही, बोटं घालायचीही गरज नाही. "नवशिक्यानंसुद्धा डोळे मिटून वापरावी," तो म्हणाला.

काकूंनी ती हातात घेतली. जरा जास्तच वेळ धरून ठेवली. काय असेल ते असो, त्या क्षणी त्यांना ती हवी होती. पण नवशिक्या हा शब्द झोंबला होता, आणि किंमतही काही थोडी नव्हती.

"महाग आहे," त्या म्हणाल्या, आणि खरखरीत मुठीची, साध्या पोलादाची, टोकदार पात्याची स्वस्त सुरी उचलली. निवड अगदी योग्य होती. त्या सुरीत खोट काढायला जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला ससा असा झरझर उघडला की काकूंचा जीव भांड्यात पडला. पिशवी अख्खी, आतडं अख्खं. दुसराही तसाच. काकू चक्क गुणगुणायला लागल्या. तिसऱ्या सशाला टेबलावर लाल ओघळ दिसला. काकू थबकल्या. ससा सकाळीच निथळून, धुऊन आलेला. त्यात रक्त उरलेलंच नसतं. त्यांनी ससा जरा कलता करून पाहिला. सुरी पाहिली. मग बोटं बाहेर काढली. डाव्या हाताचं मधलं बोट पेरापासून उघडं पडलं होतं, आत पांढरं दिसण्याइतकं.

धाकटा मालक धावत आला. त्यानं हात नळाखाली धरला, कापूस लावला, पट्टी गुंडाळू लागला.

"नवी सुरी ना, धार जास्त असते. सवय झाली की होईल नीट."

पळवाट आयती ताटात वाढून आली होती. हो म्हणायचा अवकाश, आणि टेबल काकूंचं राहणार होतं. तो फार जपून पट्टी बांधत होता; प्रत्येक वेढ्याला काकूंच्या तोंडाकडे बघत होता.

"दुखतंय का?"

"नाही."

"चला, मग थोडक्यात निभावलं."

काकूंनी आपल्या बोटाकडे पाहिलं. पट्टी एव्हाना लाल झाली होती. त्यांना रडू आवरेना.

"अरे, दुखायला पाहिजे होतं रे," त्या म्हणाल्या. "एवढं कापलंय. दुखायला पाहिजे होतं."