आकडा नसलेला खेळ

नव्वदच्या दशकात दौंडच्या स्टेशन रोडवर एक व्हिडिओ गेम पार्लर होते. पुढच्या गाडीला अवकाश असलेले प्रवासी, रेल्वे क्वार्टर्समधली मुले आणि कॉलेज बुडवून आलेले तरुण अशी तिथली गर्दी. खोलीत लाकडी कपाटांएवढी यंत्रे ओळीने उभी असत. प्रत्येकात एक पडदा, एक दांडा, दोन बटणे आणि नाणे टाकायची फट. मारामारीचे, मोटारींचे, विमाने पाडायचे असे सगळे खेळ बाहेरच्या देशांतून आलेले होते. भिंतीकडेचा शेवटचा तेवढा दौंडात तयार झालेला होता.

मी तेव्हा एका जिल्हा दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. इथे लिहिलेले बहुतेक सगळे मी स्वतः पाहिले आहे. जे ऐकले, ते ऐकले म्हणूनच लिहिले आहे.

खेळ तयार करणारा वडगाव रासाईचा. घर धनगराचे, आजोबांपर्यंत मेंढरे घेऊन कोकणात उतरणारे, वडिलांपासून शेतीत स्थिरावलेले. तो पाबळला राहून इलेक्ट्रॉनिक्सचे काम शिकला आणि दौंडात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे दुकान टाकून बसला. स्वभाव बढाईखोर, तोंड तिखट. मी दुकानात शिरलो की हातातले काम न थांबवता म्हणायचा, "या पत्रकार. तुमची बातमी उद्या भेळंच्या कागदात. माझा गेम बघा, लोक नाणं टाकून बघत्यात."

पडद्यावर एक मेंढका काठी घेऊन उभा असे. दिवाळीनंतर धनगरांचा वाडा, म्हणजे बिऱ्हाड आणि कळप, गाव सोडतो, घाट उतरून कोकणात जातो आणि पावसाच्या आत परत येतो, तोच प्रवास खेळात होता. खेळणाऱ्याच्या ताब्यात फक्त मेंढका. मेंढरे आपली आपण चालत. वाटेत भीमेचे पात्र, हायवेवरचे ट्रक, उसाचा फड, लांडगा. टप्पा संपताना कळप एखाद्या शेतात बसवायचा.

त्याच्या घरात मेंढरे मोजायची पद्धत नव्हती. आजोबा त्यांना तोंडावरून ओळखत, आणि आकडा उच्चारला की कळपाला दृष्ट लागते असे मानत. म्हणून खेळातही आकडा नव्हता. एखादे मेंढरू मागे राहिले तर बाकीचा कळप खाली बसे आणि एकच मेंढी उभी राही, आल्या वाटेकडे तोंड करून. ते पाहून मागे फिरायचे आणि चुकलेले घेऊन यायचे. तिच्याकडे लक्ष गेले नाही तर पुढच्या टप्प्यात दोन उभ्या दिसत. सगळा वाडा परत घरी पोचला तर शेवटच्या पडद्यावर एक घर आणि त्याखाली करणाऱ्याचे नाव येई. दुसरीकडे कुठेही ते नव्हते.

एका बंद पडलेल्या परदेशी खेळाचा बोर्ड त्याने पुण्यातून जुना विकत आणला होता. त्यावरच्या चिपा पुसून त्यांत स्वतःचा खेळ भरला होता. प्रत्येक चिपेच्या डोक्यावर काळी चिकटपट्टी होती. ती कशासाठी, असे मी एकदा विचारले.

"खाली काचंची खिडकी हाय," तो म्हणाला. "खास दिव्याखाली धरली की आतलं पुसतं. उन्हात ठेवली तरी पुसतं, फकस्त लई दिस लागत्यात. म्हणून झाकायचं. तुमचं पेपरवाल्यांचं बरं हाय, सकाळचं संध्याकाळी पुसतंय. ऊन नको न् काय नको."

पार्लरच्या मालकाला सगळे शेठ म्हणत. त्याचा खेळाला विरोध नव्हता, आकडा नसण्याला होता. एका बाजाराच्या दिवशी भर गर्दीत तो म्हणाला, "आकडा न्हाई तर पोरं खेळतील कशापायी? याचा किती झाला, त्याचा किती झाला, ह्याच्यावरच तर पार्लर चालतंय."

"माझ्या आज्यानं कवा मोजली न्हाईत. मी मोजू व्हय?"

"आज्याला पार्लर चालवायचं नव्हतं, मर्दा."

लोक हसले. खेळ तयार करणाराही हसला. विषय तिथे थांबला असे मला वाटले.

पुढे तो बहिणीच्या लग्नासाठी गावी गेला असताना ते यंत्र काही दिवस बंद होते. तो परतला तेव्हा सुरू झालेले होते. बिघाड काय होता, असे त्याने विचारले तर शेठने वायर सुटली होती असे सांगितले. यंत्राच्या मागच्या दाराची किल्ली शेठकडेच असे, नाणी काढण्यासाठी. नंतर केव्हातरी शिरूरहून टीव्ही दुरुस्तीला घेऊन आलेल्या एका गिऱ्हाइकाने त्याला विचारले, "तुमची मेंढरं आमच्या स्टँडजवळ चरत्यात की. दुकान तिकडं हलवलं का काय?"

आम्ही माझ्या मोटारसायकलवरून शिरूरला गेलो. स्टँडजवळच्या नव्या पार्लरमध्ये तेच भीमेचे पात्र होते, तोच फड, तोच लांडगा. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात मात्र एक आकडा होता आणि प्रत्येक मेंढरामागे तो वाढत होता. पार्लर कोणाचे, असे मी गल्ल्यावरच्या माणसाला विचारले. त्याने दौंडच्या शेठचे नाव सांगितले.

माझ्या सोबत्याने नाणे टाकले आणि उभ्याने सगळा प्रवास खेळला. घाट उतरला, कोकण फिरला, परत वर आला. इतक्या लांबपर्यंत कोणी गेलेले तिथल्या मुलांनी पाहिलेले नव्हते. ती भोवती जमली. शेवटी घर आले. घराखाली शेठचे नाव होते.

त्याने दांडा सोडला आणि म्हणाला, "चला."

आम्ही थेट दौंडच्या पार्लरवर आलो. शेठ गल्ल्यावरच होता. त्याने काहीही नाकारले नाही. पुण्याच्या एका माणसाकडून चिपांची नक्कल करून घेतली, आकडा टाकून घेतला, हे त्याने सरळ सांगितले. "अवो, तुमचंच हाय की ते," तो म्हणाला. "तुम्ही केलं, म्या लोकांपर्यंत न्हेलं. बसा, चहा मागवतो."

"नाव?" माझ्या सोबत्याने विचारले.

"नावाचं काय घिऊन बसलाय. कोन जातंय तिथवर वाचायला?"

त्याने शेठला यंत्राचे मागचे दार उघडायला लावले, आपला बोर्ड काढला, शर्टाच्या आत घातला आणि निघून गेला. चहा आला तेव्हा तो घ्यायला मी एकटाच उरलो होतो.

मी बातमी लिहून पाठवली. ही बातमी नाही, दोघांतले भांडण आहे, असे डेस्कवरून कळवण्यात आले. ती छापली गेली नाही. त्याने दुकान बंद केले आणि कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत यंत्रांची देखभाल करायला लागला. शिफ्टची नोकरी. पुढे स्वस्त टीव्ही गेम घरोघर आले तशी दोन्ही पार्लरे बंद झाली आणि यंत्रे भंगारात गेली.

दोन हजारनंतर मी पुण्यात डेस्कवर आलो. तिथे एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या प्राध्यापकांशी ओळख झाली. ते जुने व्हिडिओ गेम गोळा करत. घराच्या दोन खोल्या बोर्डांनी भरल्या होत्या. भंगारवाल्यांकडून बोर्ड आणायचे, चिपांमधला मजकूर वाचून संगणकात उतरवायचा आणि खेळ कोणी, कुठे केला ते शोधून नोंदवायचे, असे त्यांचे काम चाले. "यंत्रं मिळतात," ते म्हणायचे. "माणसं मिळत नाहीत. ज्याने केलं त्याचं नाव कुणी लिहूनच ठेवलेलं नसतं."

मी त्यांना दौंडच्या खेळाबद्दल सांगितले. ते उठले, त्यांनी एक बोर्ड काढून पडद्याला जोडला. शिरूरच्या भंगारातून आलेला होता. भीमा दिसली, वर आकडा दिसला. त्यांच्या नोंदीत निर्माता म्हणून शेठचे नाव होते. खेळात जे होते ते त्यांनी उतरवून घेतले होते.

मी त्यांना सगळी हकिकत सांगितली. ते म्हणाले, मूळ बोर्ड मिळाला आणि त्यात दुसरे नाव निघाले, तर नोंद बदलता येईल. नुसत्या सांगण्यावरून बदलता येणार नाही. हे मला पटले. मीही तसेच केले असते.

वडगाव रासाईला गेलो तेव्हा तो शिफ्ट करून आलेला होता. मी कशासाठी आलो ते ऐकून तो मोठ्याने हसला, आत गेला आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आला. आत धोतराच्या फडक्यात बोर्ड होता. काळ्या पट्ट्या जागच्या जागी होत्या.

"आई, बघ," त्याने घरात हाक मारली. "पुण्याचं प्रोफेसर येनार हायती. तुझी मेंढरं कालेजात चालली."

"चरायला सोय हाय का तिथं?" आतून उत्तर आले.

दिवाळीनंतर प्राध्यापकांना घेऊन यायचे ठरले. त्याआधी त्याचा एकदा फोन आला.

"ते शिरूरचं बी तुमच्याकडंच हाय म्हनला व्हता. त्याचं काय करनार?"

"दोन्ही ठेवणार. तुमचं मूळ म्हणून आणि ते नक्कल म्हणून."

"ते फोडा. मग माझं घ्या."

मी त्याला समजावले, की ते फोडले तर चोरी झाली हेच पुढे कोणाला कळणार नाही. दोन्ही शेजारी ठेवली तरच खरे काय ते दिसेल.

"म्हंजी जन्मभर त्याच्या शेजारी," तो म्हणाला. मग म्हणाला, "बरं. दिवाळीनंतर या. बोर्ड देतो. शब्द दिला."

आम्ही ठरल्याप्रमाणे गेलो. अंगणात ओट्यावर, भिंतीला टेकवून एक पाट मांडलेला होता. पाटावर बोर्ड होता. त्यावर हळदकुंकू, वाळलेला झेंडू आणि आपट्याची पाने. दसऱ्याला आपापली हत्यारे, यंत्रे धुऊन पुसून पुजायची रीत आमच्याकडे सगळीकडे आहे. कारखान्यातही लेथला हार घालतात. पण दसरा होऊन दिवाळी गेली होती आणि चिपांवरच्या काळ्या पट्ट्या नव्हत्या. काचेच्या बारीक खिडक्यांवर ऊन पडले होते.

तो घरातून बाहेर आला. मी काही विचारण्याआधीच म्हणाला, "आईनं केलं. पूजेला साफ करताना पट्ट्या काढल्या. तिला काय म्हाईत."

आई दारातच बसून लसूण सोलत होती. "मी?" ती म्हणाली. "मी कवा हात लावते रं तुझ्या त्या बोर्डावरल्या किड्यांना? तूच मांडलं. मी उचलाया गेले तर वराडला माझ्यावं." मग माझ्याकडे वळून, तक्रार सांगावी तशी म्हणाली, "रोज सावली आली की पाट सरकवायचा. कामावं जाताना मला सांगून जायचा, आई, ऊन बघ, सरकव. म्हटलं दिवाळी झाली, आता उचल तरी. तर न्हाई."

प्राध्यापकांनी बोर्ड काळजीपूर्वक पुसला, चिपा काढल्या आणि एकेक करून सोबत आणलेल्या, चिपा वाचायच्या यंत्रात बसवल्या. ते काम शांतपणे चालले होते. प्रत्येक चिपेत सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच अक्षर भरलेले दिसत होते. कोऱ्या चिपेत तसे दिसते, असे त्यांनी मला सांगितले. नक्कल दुसरीकडे कुठे आहे का, असे त्यांनी त्याला विचारले.

"हाय की," तो म्हणाला. "तुमच्याकडं."

मी म्हणालो, "तुम्ही शब्द दिला होता."

"बोर्ड देतो म्हनलो व्हतो. न्या ना. समोरच हाय."

"त्यात आता काही नाही."

"नसू द्या."

"जे राहिलंय त्यावर शेठचं नाव आहे. आता तेच खरं धरलं जाईल. कळतंय ना तुम्हाला?"

"आकडा घातलेलं माझं नव्हतंच," तो म्हणाला. "त्याचं त्याला ऱ्हाऊ द्या. त्याच्या शेजारी बसाया मी येनार न्हाई."

आईने चहा आणला. आम्ही तो घेतला. प्राध्यापकांनी बोर्ड फडक्यात गुंडाळून बरोबर घेतला, कारण दिलेली वस्तू नाकारणे त्यांना बरे वाटले नाही. परतीच्या वाटेवर ते एवढेच म्हणाले, की इतकी वर्षे भंगारवाल्यांनी, गळक्या छपरांनी आणि उंदरांनी त्यांच्या वस्तू नेल्या होत्या. करणाऱ्याने स्वतः नेलेली ही पहिलीच. शेठने त्याला फसवले तेव्हा मी त्याच्या बाजूने साक्षीला उभा होतो. मला त्याने फसवले तेव्हा माझ्या बाजूने साक्षीला त्याची आई होती, आणि आपण साक्ष दिली हे तिला अजूनही माहीत नसावे.

प्राध्यापकांनी नोंद बदलली नाही. पुरावा नव्हता. तळाशी एक टीप मात्र जोडायची त्यांची तयारी होती आणि ती मी लिहावी असे ते म्हणाले. मी कुरकुंभला कंपनीच्या गेटवर त्याच्यासाठी निरोप ठेवला. त्याने रात्रपाळीला जाण्याआधी फोन केला.

"काय लिहायचं ते लिहा, पत्रकार," तो म्हणाला. "माझं नाव टाकू नका."

"का?"

"एकदा काढलंय ना. काढलेलंच बरं हाय."

त्यामुळे टिपेत त्याचे नाव नाही. या लेखातही नाही.

प्राध्यापक अधूनमधून आपल्या खोल्या लोकांना पाहायला खुल्या करतात. एका रविवारी मी गेलो होतो, तेव्हा त्यांचा एक विद्यार्थी शिरूरचा बोर्ड चालवून दाखवत होता. आकडा चढत होता. टप्पा संपला, कळप शेतात बसला आणि एक मेंढी उभी राहिली, आल्या वाटेकडे तोंड करून. नक्कल करणाऱ्या पुण्याच्या त्या माणसाला तिचा उपयोग कळला नसावा. त्याने ती तशीच राहू दिली होती.

"सर, इथे काहीतरी बिघाड आहे," विद्यार्थी म्हणाला. "हे एक मेंढरू दर वेळी अडकतं. दुरुस्त करून टाकू का?"

प्राध्यापकांनी माझ्याकडे पाहिले. मी त्याला म्हणालो, की मागे जा, एक राहिले आहे. त्याने वरचा आकडा दाखवला. आकडा भरपूर होता, आणि पुढचा टप्पा सुरू झाला होता.