यादीत नसलेली व्हॅन

"भ्यावें, टीचर. पोरांजवळ भिऊनच असावें."

सकाळी वर्गाचं कुलूप काढताना अक्का हे म्हणायच्या. दुसरं कुणी 'कशा आहात' म्हणेल तितक्या सहज. मग आत शिरून पहिलं काम काय, तर मोरीतली बादली पालथी घालायची. बोटभर पाण्यातही मूल बुडतं, असं त्यांचं म्हणणं.

अशी भित्री माणसं तुम्हीही पाहिली असतील. गॅस बंद आहे ना म्हणून जिना उतरून पुन्हा वर चढणारी. पण अक्कांची भीती घरापुरती नव्हती, तिला बावीस मुलं होती. द्राक्ष दिसलं की त्याच्या चार फोडी. फ्रॉकचं बटण सैल दिसलं की सुईदोरा. फुगा फुटला की त्याचे तुकडे जुळवून बघायच्या, एखादा कुणाच्या तोंडात तर नाही गेला? फुगेवाला शाळेच्या गल्लीत यायचाच बंद झाला होता, तो अक्कांना भिऊन, असं आम्ही म्हणत असू.

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. नवऱ्याची नोकरी पेरुंगुडीला लागली म्हणून मी पुण्याहून चेन्नईला आले आणि तिथल्या एका लहान बालवाडीत शिक्षिका झाले. अक्का माझ्या मदतनीस. पन्नाशी ओलांडलेल्या, तंजावरकडच्या मराठी घरातल्या, रोज तिरुवल्लिकेणीहून बसने यायच्या. त्यांची मराठी मला सुरुवातीला बखरीतली वाटे. 'अस्के' म्हणजे 'सगळे', हे कळायला मला आठवडा लागला. "अस्कीं पोरें जेवलीं," असं त्या सांगत, आणि मला उगीचच पंगत उठल्यासारखं वाटे.

मी त्या आधी पुण्यात एका कंपनीच्या मनुष्यबळ खात्यात दोन वर्षं काढली होती. कुणाचं काम काय हे कागदावर असावं, हे डोक्यात पक्कं बसलेलं. अक्का तर सगळीकडेच असायच्या. मी गोष्ट सांगायला बसले की नेमकं कुणाचं तरी नाक पुसायला मधे यायच्या. त्यातून सकाळी व्हॅन आली की हातातलं काम टाकून बाहेर पळायच्या. मुलं उतरली तरी यांचं संपायचं नाही. रिकाम्या व्हॅनमध्ये चढून एकेका बाकावर, बाकाखाली हात फिरवायच्या. ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा, मी खिडकीतून हाका मारायचे, पण बाई शेवटच्या बाकापर्यंत गेल्याशिवाय उतरायच्या नाहीत.

"दिसतंय ना रिकामी आहे ते?" मी एकदा म्हटलं.

"डोळ्यांस दिसतें. हातास कळतें," त्या म्हणाल्या.

शेवटी मी यादी केली. शिक्षिकेची कामं एका बाजूला, मदतनिसाची दुसऱ्या बाजूला. हजेरी, शिकवणं, पालकांशी बोलणं माझं. डबे, चपला, शी-शू, कागद कातरणं अक्कांचं. यादी इंग्रजीत टाइप करून कपाटावर चिकटवली. मॅडमनी, म्हणजे शाळेच्या मालकीणबाईंनी, कौतुक केलं. अक्कांना इंग्रजी येत नव्हतं म्हणून मी वाचून दाखवली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "व्हॅन कोणाची?"

"ड्रायव्हरची."

"त्यास पोरें दिसतात काय? तो रस्ता पाहतो."

"अक्का, यादीत नाही ते करायचं नाही. स्नेहसंमेलन तोंडावर आलंय. सकाळचा अर्धा तास मला कातरकाम हवं."

त्या दोन-तीनदा तरी उठल्याच. मी दोन-तीनदा रागावले. मग त्या उठेनाशा झाल्या. व्हॅनचा आवाज आला की कात्री थांबायची, मान दाराकडे वळायची आणि पुन्हा खाली जायची. मला वाटलं, लागली शिस्त. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला सगळंच शिस्तीत दिसतं.

असे दोन आठवडे गेले. त्या दिवशी व्हॅन नेहमीप्रमाणे नऊला आली. मुलं धावत आत आली. मी हजेरी घेतली. बालवाडीची हजेरी म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. एकाचं नाव घेतलं की चौघं ओरडतात, "येस मिस!" मान वर न करता मी बावीस खुणा केल्या.

खाऊच्या आधी अक्का पाण्याच्या बाटल्या ओळीने मांडायच्या. मांडता मांडता थांबल्या. "सईची बाटली कोठें?"

सई साडेतीन वर्षांची. आमच्यासारख्याच महाराष्ट्रातून आलेल्या घरातली एकुलती एक मुलगी.

"घरी विसरली असेल," मी म्हटलं. "ती आलीय. हजेरी आहे."

अक्कांनी हजेरीच्या वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि अनवाणी बाहेर धावल्या. तेव्हा कुठे मी मुलांकडे पाहिलं. एकेक चेहरा पाहत गेले. सई नव्हती.

ड्रायव्हर व्हॅन कुंपणाशी उन्हात लावून नाश्त्याला गेला होता. काचा लावलेल्या, दारं बंद. अक्कांनी कुंपणाचा दगड घेऊन काच फोडली. मी पोचले तेव्हा त्या कंबरेपर्यंत आत होत्या आणि मागच्या बाकाखालून सईला ओढत होत्या. ती झोपेत खाली घसरली असावी. तोंड लालभडक, केस घामाने चिकटलेले, मान लुळी. तिने डोळे उघडले नाहीत. अक्कांनी पदर अंगणातल्या नळाखाली भिजवून तिच्या अंगावर घातला आणि तशाच गल्लीतल्या रिक्षात बसल्या. काचेचा आवाज ऐकून मॅडम बाहेर आल्या होत्या, वर्ग त्यांच्यावर सोडून मी मागोमाग चढले.

दोन गल्ल्या सोडून एका डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. त्यांनी सईची पापणी वर केली आणि विचारलं, "किती वेळ होती आत?"

"दहा मिनिटं," मी म्हणाले. "दहाच असतील."

हे मी ठरवून नाही म्हटलं. तोंडातून गेलं. मला मुलीची भीती वाटत होती आणि माझीही, आणि त्या क्षणी माझी जास्त होती. हे लिहून टाकलेलं बरं.

अक्का तमिळमध्ये म्हणाल्या, "मुक्काल मणि नेरम." पाऊण तास.

डॉक्टरीणबाईंचा चेहरा बदलला. सुई लावून बाटली चढवली, स्वतःची गाडी काढली आणि सईला मोठ्या इस्पितळात घेऊन निघाल्या. आम्ही मागच्या सीटवर. त्या गाडी चालवताना म्हणाल्या, "दहा मिनिटं असती तर मी पाणी पाजून, अंग पुसून घरी धाडली असती. आणि संध्याकाळी ती हाताबाहेर गेली असती."

अक्कांनी सईचं डोकं मांडीवर घेतलं होतं. माझ्याकडे न बघता, अगदी हळू म्हणाल्या, "खोटें आपल्यापुरतें बोलावें, टीचर. पोरीवर बोलूं नये."

सई वाचली. तीन दिवसांनी घरी गेली.

हे घडलं त्याच दुपारी मॅडमनी आम्हा दोघींना समोर उभं केलं. यादी कपाटावरून काढून टेबलावर ठेवली होती. "व्हॅन कोण बघायचं?" त्यांनी विचारलं.

मी अक्कांकडे पाहिलं. आता या सांगतील, टीचरनीच मला बसवून ठेवलं म्हणून. खरं तर ते मीच सांगायला हवं होतं. मी मात्र मूग गिळून गप्प बसले.

"हात माझा जायचा," अक्का म्हणाल्या. "दोन आठवडे गेला नाहीं."

एवढंच. माझं नाव नाही, यादीचं नाव नाही. त्या स्वतःलाच सांगत होत्या, मॅडमना नव्हे, असं मला वाटलं. मॅडमना तेवढं वाक्य पुरलं. दुसऱ्या दिवसापासून अक्का आल्या नाहीत. नवी मदतनीस आली, चटपटीत, इंग्रजी वाचणारी. तिने यादी वाचली आणि यादीप्रमाणे वागू लागली. मला तिची भीती वाटायची.

खरं तर मला सगळ्याचीच भीती वाटायला लागली होती. बादलीची, द्राक्षांची, पडद्याच्या दोरीची. दिवसातून दहा वेळा मी डोकी मोजायचे आणि दहाही वेळा एक कमी भरायचं, कारण बाविसात मी सईचंही धरायचे. अक्का रोज एवढं ओझं घेऊन बसमध्ये चढत होत्या आणि आम्ही त्यांना हसत होतो.

आठ-दहा दिवसांनी सईची आई आली. सई तिच्या कडेवर होती. दाखला काढून घ्यायला आलेय, म्हणाली. "ज्या बाईंच्या हयगयीने हे झालं त्यांना काढलं, असं मॅडम फोनवर म्हणाल्या. पण मला आता इथे ठेववत नाही हो."

मॅडम ऑफिसात होत्या. मी वर्गाचं दार लोटून घेतलं आणि तिला सांगितलं. हजेरी न बघता मी लावली. यादी माझी. व्हॅन बघायला जात होत्या त्यांना मी बसवलं. दवाखान्यात दहा मिनिटं मी म्हणाले, पाऊण तास त्या म्हणाल्या. मला वाटलं ही आता ओरडेल, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

तिने सईला दुसऱ्या कडेवर घेतलं, माझ्यापासून लांबच्या.

"त्या आता कुठल्या शाळेत आहेत?" मग तिने विचारलं. "त्या असतील तिथेच सईला घालीन मी. पत्ता द्या त्यांचा."

"तिरुवल्लिकेणीला राहतात," मी म्हणाले.

"तिरुवल्लिकेणीत कुठे?"

दोन वर्षं आम्ही एका वर्गात होतो, आणि मला तेवढंच ठाऊक होतं. सईच्या आईने पर्समधून पेन काढलं होतं आणि ती माझ्या तोंडाकडे बघत उभी होती.