पावचं वर्गमूळ

बावीस वर्षं शर्टांना काजं करून काजमावशीचे डोळे अधू झाले होते. आणखी सहा महिने, फार तर, मग घरी बसायचं. म्हणून कारखान्यात कटिंगच्या टेबलावरची, इतकी बारीक नजर न लागणारी जागा रिकामी झाली तेव्हा तिने कटिंगच्या मास्तरांना सरळ विचारलं, "मला द्या की."

"देईन. पण लेखी परीक्षा आहे, क्षेत्रफळ, वर्गमूळ, सगळा हिशोब. कापड फार वाया जातंय, मालक वैतागलेत."

आणखी दोघांनी नावं दिली होती.

शिकवायला घरात भाची होती. कॉलेजात जाणारी, हुशार, आणि हुशार माणसं शिकवतात तितकंच वाईट शिकवणारी. पहिल्या दिवशी नवाचं वर्गमूळ तीन, सोळाचं चार. चौरसावरून त्याची बाजू शोधायची, एवढंच ना! मावशीला पटलं. दुसऱ्या दिवशी भाचीने विचारलं, "पावचं किती?"

"पावपेक्षा कमी."

"चूक. अर्धा."

"काल कमी होत होतं, आज वाढलं?"

"एकाच्या आतल्या आकड्यांचं तसंच असतं, मावशी."

"तसंच असतं? मालकांना मी असं उत्तर दिलं असतं तर मास्तरांनी कधीच हाकललं असतं."

"मग अर्धा गुणिले अर्धा करून बघ."

"गुणल्यावर वाढायला नको?"

भाचीने कपाळाला हात लावला. मावशीने वही मिटली आणि भांडी घासायला घेतली. डोक्यात सगळा गुंता झाला होता.

परीक्षेत नेमकं तेच आलं. मीटरभर बाजूचा चौरस आहे. त्याच्या पाव क्षेत्रफळाचा चौरस कापायचा, तर बाजू किती? मावशीने लिहिलं, पाव मीटर. मग तिचा हात अडला. तिने कमरेचा रुमाल काढून तोच मीटरभराचा समजला आणि सवयीने उभा दुमडला, परत उभाच दुमडला. कारखान्यात कापड तसंच दुमडतात. कापड पावच उरलं, पण झाली पट्टी! चौरस कुठाय?

"मावशी, पेपर चालू आहे, रुमालाचं काय काढलंत?" मास्तर म्हणाले.

"पेपरच सोडवतेय."

तिने पट्टी उलगडली. एक घडी उभी, एक आडवी. आता हातात चौरस होता, चार पदरी, म्हणजे पावच. बाजू मात्र अर्धी. तिने पुन्हा मोजलं. अर्धीच. हे बरोबर कसं, ते तिला कळेना. तरी 'पाव' खोडून तिने 'अर्धा' लिहिलं. डोळ्यांना दिसतंय ते खोटं कसं म्हणायचं?

बाकी दोघांनी पाव लिहिलं होतं. टेबल मावशीला मिळालं.

भाची खूश झाली. "म्हणजे समजलं शेवटी."

"कुठलं समजतंय," मावशी म्हणाली. "आता हे सांग, पावचं अर्धा, तर अर्ध्याचं किती? मगापासून रुमाल दुमडतेय, जमतच नाही."

भाचीने तिच्या हातातला रुमाल घेतला आणि स्वतःच दुमडायला लागली.