अस्तर नावाची मिरची

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपी. बायकांचे कपडे शिवण्यात हातखंडा. दुकान खाली, घर वर आणि त्याच्याही वर गच्ची. गच्चीवर रंगाचे रिकामे डबे, कान तुटलेल्या बादल्या, एक गळका टब, आणि त्या सगळ्यांत मिरच्या. एकवीस जाती! कुणी विचारो न विचारो, मास्तर हा आकडा सांगून मोकळे व्हायचे. प्रत्येक झाडाला उरल्यासुरल्या कापडाची चिंधी बांधलेली, आणि नाव दिलेलं तेही धंद्यातलंच. जिभेच्या टोकाला टचकन टोचते ती सुई. दोन्ही गाल एकदम धरते ती कात्री. दिसायला झोकदार पण आत काही दम नाही, ती झालर.

रविवारी सकाळी चाखणं. टोकाकडचा मुगाएवढा तुकडा आधी, मग मधला, मग देठाजवळचा. डोळे मिटून. आणि नियम एकच: निकाल सांगितल्याशिवाय पाणी नाही. नाकाडोळ्यांतून धारा लागल्या तरी नाही. शेजारी बायको बसायची, तिलाही तोच नियम. तीस वर्षांच्या संसारात ह्या बाईने शंभर तरी मिरच्या चाखल्या असतील, पण निकाल काय? "बरी आहे." फारच खूश असली तर, "चांगली आहे हो." मास्तरांचा जीव त्या 'हो'त अडकलेला. गल्लीने वाहवा केली तरी त्यांचं पोट भरायचं नाही. हिच्या तोंडून एकदा, अहो एकदाच, "अशी मिरची दुसरीकडे नाही" एवढं ऐकायचं होतं त्यांना.

चार वर्षांपूर्वी ते जवळजवळ जमलं होतं. एक झाड असं आलं की तिखट आधी कळायचंच नाही. तुकडा चावा, गिळा, आता काही होत नाही म्हणून हसा, आणि मग सावकाश आतून ऊब चढायची, कानापर्यंत. वरून मऊ, खरं काम आतल्या कापडाचं. मास्तरांनी नाव ठेवलं अस्तर. मोठ्या तोऱ्यात त्यांनी ती जेवताना बायकोच्या ताटात ठेवली, आणि तिने एक घास घेतला न घेतला तोच ती ओरडली, "अहो, काढा ती! काढून टाका आधी!"

झालं. मास्तर ताटावरून उठले ते थेट गच्चीवर, आणि झाड मुळासकट उपटून टबामागे भिरकावून दिलं. बिचारीचं त्या दिवशी तोंड आलेलं होतं. ताटातली मिरची काढा म्हणत होती ती. पण हे ऐकून घेतील तर ते मास्तर कसले? तणतणत खाली आले आणि म्हणाले, "ह्या घरात पुन्हा त्या झाडाचं नाव काढायचं नाही." तिने काढलं नाही.

आता साडूंचं. मास्तरांच्या बायकोची थोरली बहीण समोरच्याच इमारतीत राहायची. तिचा नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. शांत, हसरा, नेटका माणूस. शर्टाची इस्त्री संध्याकाळपर्यंत न मोडणारा. मास्तरांची बायको त्यांना दाजी म्हणायची, आणि ते 'दाजी' म्हणताना तिचा आवाज जरा जास्तच गोड होतो असं मास्तरांचं पक्कं मत. ह्या गृहस्थाने आयुष्यात कधी कुंडीत बोट घातलं नव्हतं. आणि एक दिवस त्यांच्या गच्चीवर एक मिरची दिसायला लागली. एक. एकवीस नव्हे, एक! तरीही जेवायला बसलं की मास्तरांच्या घरात ताटावर मिरची कुणाची? तर दाजींची.

"चाखून तरी बघा," बायको म्हणायची.

"माझ्या एकवीस आहेत. दुसऱ्याच्या दारची मी कशाला चाखू?"

आणि मग एका रविवारी, मास्तरांनी नवी जात पुढे केली असताना, ती तुकडा चावून म्हणाली, "बरी आहे. पण खरं सांगू? दाजींकडच्यासारखी मिरची दुसरीकडे नाही."

नाकाला मिरच्या झोंबणं म्हणजे काय, हे एकवीस जाती लावलेल्या माणसाला त्या दिवशी कळलं. तीस वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली ते वाक्य आलं, आणि गेलं कुठे? समोरच्या गच्चीवर! मास्तर तडक दुकानात जाऊन बसले. एका गिऱ्हाइकाची बाही उलटी लावली. दुकानाच्या दारातून मान वर केली की साडूंची ती कुंडी दिसायची, म्हणून त्यांनी मशीन फिरवून भिंतीकडे तोंड केलं. तर भिंतीवरही तीच कुंडी दिसायला लागली.

थोड्या दिवसांनी साडू नि ताई आठ दिवस मुलीकडे निघाले. किल्ली अर्थातच मास्तरांच्या हातात.

"तुमच्यासारखा जाणकार असल्यावर मला काय काळजी?" साडू म्हणाले. "फक्त लाल झालेल्या तोडू नका बरं का, मास्तर. झाड आता थकलंय, यंदा बी धरायचंय."

जाणकार! मास्तरांना वाटलं, हा माणूस आपल्याला चिडवतोय. तो चिडवत नव्हता, पण जळणाऱ्याला कोण समजावणार? दोन दिवस त्यांनी इमानाने पाणी घातलं. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "दाजींचं झाड नीट आहे ना हो? जपा हं." मास्तरांच्या एकवीस झाडांबद्दल तिने कधी जपा म्हटलं होतं? मास्तरांनी स्वयंपाकघरातला मिठाचा डबा उचलला आणि अर्धा बादलीत रिता केला.

आधी त्यांनी सगळ्या लाल मिरच्या तोडल्या. सहा होत्या. बी राहायला नको. त्या खिशात घातल्या आणि मग बादली ओतली. दुसऱ्या दिवशी उरलेलं मीठ. पाचव्या दिवशी पानं खाली मुरडली, सातव्या दिवशी हात लावला की गळायला लागली. मिरच्या दुकानातल्या बटणांच्या डब्यात, तळाशी. फेकवल्या का नाहीत, ते मास्तरांनाही सांगता आलं नसतं.

साडू परत आले, गच्चीवर गेले, आणि गळलेली पानं वेचायला लागले. मास्तर बाजूलाच उभे. आता बोलेल, आता विचारेल. पण साडू म्हणाले, "माझंच चुकलं. जाताना सावलीत ओढायला हवी होती कुंडी. तुम्हाला उगाच त्रास दिला, मास्तर." वर त्यांनी मुलीकडून आणलेली बिस्किटांची पेटी मास्तरांच्या हातात ठेवली. मास्तरांना ती पेटी लोखंडाची वाटली.

घरी आले तर बायको ओट्याला टेकून रडत होती. मुसमुसून नव्हे, चांगली हुंदके देऊन. आणि काय सांगावं, ज्याने हे सगळं केलं त्याच माणसाचा पुन्हा तिळपापड झाला.

"दाजींच्या झाडासाठी एवढं? माझ्या झाडासाठी रडलीस कधी?"

तिने पदराने तोंड पुसलं. "तुमच्याच झाडासाठी रडतेय."

"म्हणजे?"

"चार वर्षांपूर्वी टबामागे भिरकावलंत ना? तुम्ही दुकानात उतरलात तशी मी ते ओल्या फडक्यात गुंडाळून ताईकडे नेलं. दाजींनी बुडख्यापर्यंत छाटलं, जगवलं. घरात नाव काढायचं नाही म्हणालात, म्हणून मी काढलं नाही. किती वेळा म्हटलं, चाखून बघा. एकदा जिभेवर ठेवली असतीत तर तुम्हाला कळलं असतं. अहो, जीभ कुणाची?"

मास्तरांनी हातातली बिस्किटांची पेटी ओट्यावर ठेवली.

"आणि," ती म्हणाली, आता तिचा आवाज कोरडा होता, "भरलेला मिठाचा डबा दोन दिवसांत रिकामा कसा झाला, ते मी अजून विचारलेलं नाही."

विचारलंच नाही तिने. मास्तर जिना उतरून दुकानात गेले. बटणांचा डबा पालथा केला. हुकं, पांढरी बटणं, शिंपल्याची बटणं, आणि सहा सुरकुतलेल्या लाल मिरच्या. एकीचा तुकडा त्यांनी दातांखाली धरला. टोकाकडचा. काही नाही. मधला. काही नाही. देठाजवळचा गिळला आणि डोळे मिटून बसले. मग कानांच्या पाळ्यांपाशी, सावकाश, ती आली.

अस्तर.

जे वाक्य साडूंना गेलं म्हणून ते जळत होते, ते त्यांना स्वतःलाच मिळालेलं होतं, आणि ते ऐकून त्यांनी काय केलं? मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिखटाचं म्हणावं तर तिखटाचं.

उरलेल्या पाच मिरच्या ओंजळीत घेऊन ते वर गेले आणि बायकोपुढे धरल्या. तिने मिरच्यांकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं.

"बी आहे ह्यांत," मास्तर म्हणाले. "पुन्हा लावता येईल."

"मला काय दाखवताय?" ती म्हणाली. "ज्यांच्या गच्चीवरून आणल्यात त्यांच्याकडे घेऊन जा."

"अगं, पण काय सांगू त्यांना?"

"ते मला काय ठाऊक? मीठ मी घातलं नाही."

रस्ता कसला, दहा पावलं. मास्तरांना ती दहा पावलं टाकायला बराच वेळ लागला. जिभेवर अस्तर अजून चढतच होती. गाल, कान, टाळू, सगळं पेटलेलं. समोरचे दोन जिने चढून त्यांनी बेल वाजवली.

दार साडूंनीच उघडलं. मास्तरांचा लालबुंद चेहरा आणि डोळ्यांतल्या धारा बघून ते घाबरलेच. "अहो मास्तर, हे काय? या, आत या. बसा. पाणी आणतो."

मास्तरांनी ओंजळ पुढे केली आणि मान हलवली.

"पाणी नको. आधी ऐका," ते म्हणाले. "मग द्यावंसं वाटलं तर द्या."