ओल्या दोराचा वास

“नऊ. वीसपैकी नऊ. शाळेत मला एवढे पडले असते तर बाबांनी घरात घेतलं नसतं.”

“शाळेत तुला सहाच्या वर कधी पडले होते?”

“विषय बदलू नकोस, ताई.”

ताईनं विषय बदलला नव्हता, फक्त जरा लांब सरकवून पाहिला होता. धाकटा भाऊ, पन्नाशी उलटली, डोक्यावरचे केस गेले तरी घरात छोट्याच, सकाळी दहालाच तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसला होता. टेबलावर त्याच्या तळघरातली वाइनची बाटली आणि स्पर्धेतल्या गुणांचे पाच कागद. परीक्षकांचं नाव त्यावर नसतं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कचेरी सगळं टाइप करून पाठवते. चार कागदांवर सोळा, सतरा, सोळा, पंधरा. पाचव्यावर नऊ, आणि दोषांच्या रकान्यात एकच ओळ : ओल्या दोराचा वास.

“हे कुणी लिहिलं?”

“मला काय विचारतोस? आम्ही पाच परीक्षक होतो.”

“विहिरीच्या ओल्या दोराला वास असतो, हे आपल्या घराबाहेर कुणाला ठाऊक आहे गं?”

शब्द बाबांचाच होता. लहानपणी बाबा दोघांच्या डोळ्यांवर फडकं बांधत आणि नाकाखाली एकेक वस्तू धरत. पेन्सिलीचा भुसा, पावाची करपलेली कड, गंजका खिळा. ताई धडाधड ओळखायची. छोट्या दर वेळी म्हणायचा, “पायातला मोजा.” तेव्हाच वाटणी झाल्यासारखी झाली. नाक तिच्याकडे आलं, बाबांची वाइनची पिंपं त्याच्याकडे गेली.

त्या नाकावर तिनं सव्वीस वर्षं वाइन-उत्पादकांच्या संघात वाइन चाखायची नोकरी केली. घरात सुगंधी साबण नाही, उदबत्ती नाही. नवऱ्यानं दाढीनंतरचं अत्तरी पाणी लग्नाच्या आठवड्यातच सोडलं. “लोक दारू सोडतात, मी वास सोडला,” असं तो पाहुण्यांना सांगतो. नव्या मुलींना शिकवताना ती म्हणायची, जिभेला पाच-सहाच शब्द येतात, बाकीचं सगळं बोलणं नाकाचं; आणि नाक बोलतं ते आठवणीतून. चांगली चव म्हणजे आपल्याला कुठंतरी घेऊन जाणारी चव.

स्पर्धेत चौदा नंबरच्या ग्लासानं तिला नेलं होतं ते थेट विहिरीवर. दोर ओढणारे बाबा, त्यांच्या ओल्या बाह्या. त्यांच्या मोठ्या पिंपातली वाइन, दुसरी असूच शकत नव्हती.

नियम सोपा होता. ग्लास ओळखीचा निघाला तर हात वर करायचा आणि तेवढ्यापुरतं बाहेर जाऊन उभं राहायचं. पण हात वर केला असता तर बाकीच्यांना कळलं असतं, ही बाईंच्या भावाची. झुकतं माप देतील, मागून कुजबुजतील. सव्वीस वर्षांत तिचा हात एकदाही वर गेला नव्हता. बाई म्हणजे सरळ माणूस, अशी ख्याती. त्या दिवशी ती सरळपणाच्याही पुढे गेली आणि नऊ लिहून मोकळी झाली. घरी जाताना बसमध्ये लक्षात आलं, हात वर न करणं ही एक लबाडी आणि नऊ ही दुसरी. त्याला आता तीन आठवडे झाले. भावाला तिनं एकदाही फोन केला नव्हता.

“मला भांडायचं नाहीये,” छोट्या बुच काढत म्हणाला. “एवढंच सांग, हा दोष आहे का? असेल तर सोमवारी बाबांचं पिंप फोडतो. सुताराला सांगून ठेवलंय.”

“बाकीच्यांनी सोळा-सतरा दिलेत ना. त्यांचं ऐक.”

“त्यांचं काय ऐकू? त्यांच्या नाकावर माझा विश्वास नाही, तुझ्यावर आहे. तेच तर झालंय.”

त्यानं दोन ग्लासांत थोडी थोडी ओतली. ताईनं ग्लास हातात धरला. नाकाजवळ नेण्याची गरजच नव्हती.

“बाबांना हा वास फार...”

“बाबांचं राहू दे. तुझं सांग.”

“दोष नाही.”

“मग नऊ कसे?”

“ओळखली होती मी. पहिल्याच वासाला.”

“आणि हात?”

“लोक काय म्हणतील वाटलं.”

“कुठले लोक? हे चौघं?” त्यानं कागद तिच्याकडे सरकवले. “ह्यांनी तर सतरापर्यंत दिलेत.”

ताईनं कागदांकडे पाहिलं नाही. नळ ठिबकत होता, तो उठून घट्ट करावा असं तिला वाटलं, पण उठवेना.

छोट्यानं आपल्या ग्लासात नाक घातलं, बराच वेळ ठेवलं.

“मला अजून मोज्याचाच येतो,” तो म्हणाला.

ताईला हसू आलं.

“मी उद्या कचेरीत जाते. खरं काय ते लिहून देते. नाव गेलं तर जाऊ दे. छोट्या, सुताराला नको म्हणून सांगशील ना?”

त्यानं आपला ग्लास नळाखाली धरला, बाबांनी शिकवलं होतं तसा नुसत्या पाण्यानं विसळला, फडक्यावर पालथा घातला. पाचही कागदांची घडी खिशात कोंबली. बाटली तिथंच राहू दिली, चपला पायांत सरकवल्या, आणि दार ओढून घेऊन जिना उतरू लागला.